खेळता खेळता थिजणारा लॅपटॉप

गेम चालू असताना लॅपटॉप मध्येच थिजतो तेव्हा त्याच्या आत दर वेळी एकच गोष्ट घडलेली नसते. कधी चित्र अर्ध्या सेकंदापुरते अडखळते आणि पुढे चालू लागते. कधी चित्र थांबते, पण संगीत आणि सोबत खेळणाऱ्यांचे बोलणे ऐकू येत राहते. कधी चित्र आणि आवाज दोन्ही अडकतात, आवाजाचा एकच तुकडा घरघरत राहतो आणि पॉवरचे बटण दाबून धरल्याशिवाय सुटका होत नाही. कधी पडदा काळा होतो आणि काही क्षणांनी डेस्कटॉप समोर येतो, तर कधी यंत्र सरळ बंदच पडते. या प्रत्येकामागची कारणे निराळी आणि उपायही निराळे. तरीही ‘हँग होतो’ एवढ्या एका तक्रारीवर सगळ्यांना एकच औषध दिले जाते: ड्रायव्हर बदला, गेम काढून पुन्हा टाका, नाहीच जमले तर विंडोज नव्याने टाका. त्याने काही वेळा गुण येतोही, पण तो कशाने आला ते कळत नाही. दोष रॅममध्ये किंवा चार्जरमध्ये असेल तर तो थोड्याच दिवसांत परत डोके वर काढतो. शिवाय विंडोज नव्याने टाकताना यंत्राने स्वतः लिहून ठेवलेल्या बिघाडाच्या नोंदी पुसल्या जातात, आणि निदानाचा सर्वांत भरवशाचा आधार त्यांच्याबरोबर जातो. म्हणून आधी प्रकार ओळखणे, मग नोंदी वाचणे आणि त्यानंतरच हात घालणे हा क्रम सोडू नये. येथे विचार मुख्यतः विंडोजवर चालणाऱ्या लॅपटॉपचा केला आहे.

थिजण्याचे प्रकार

सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर एका चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. एखाद्या चित्राला १०० मिलिसेकंद लागले तरी डोळ्याला धक्का जाणवतो, पण सेकंदाच्या सरासरीत तो दिसत नाही. ‘द टेक रिपोर्ट’ या अमेरिकी संकेतस्थळावर स्कॉट वॉसन यांनी २०११ मध्ये सरासरीऐवजी प्रत्येक चित्राला लागलेला वेळ मोजण्याची पद्धत मांडली आणि ग्राफिक्स कार्डांच्या परीक्षणाची दिशा त्यानंतर बदलली. आज आफ्टरबर्नर किंवा इंटेलचे प्रेझेंटमॉन यांसारख्या मोफत साधनांनी या वेळाचा आलेख खेळता खेळता पडद्यावर पाहता येतो. क्षणभराची अडखळ किती वेळाने येते, ठरावीक अंतराने येते की नवीन जागी गेल्यावरच येते, हे त्या आलेखावरून कळते.

ऑनलाइन गेममध्ये आणखी एक गल्लत होते. बाकीची पात्रे जागच्या जागी खिळली किंवा उड्या मारत पुढे सरकू लागली, पण स्वतःच्या पात्राची नजर माउसने फिरवता येत असेल, तर लॅपटॉप ठीक आहे आणि अडचण इंटरनेटच्या जोडणीत आहे. अशा वेळी ड्रायव्हर बदलण्यात वेळ घालवू नये, आधी वाय-फायऐवजी केबल लावून पाहावी.

पूर्ण थिजलेल्या यंत्राची परीक्षा त्याच क्षणी करावी लागते. कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागत-विझत असेल तर विंडोज अजून जागे आहे आणि बहुधा फक्त गेम किंवा ग्राफिक्स अडकले आहे. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकत्र दाबली की विंडोज ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू करते. पडदा क्षणभर लुकलुकतो आणि पुष्कळदा चित्र परत येते. या दोन्हींना काहीच प्रतिसाद नसेल आणि आवाजही एकाच तुकड्यावर घरघरत असेल, तर प्रोसेसरपर्यंत कोणतीही आज्ञा पोहोचत नाही. त्यावेळी संशय रॅम, वीजपुरवठा, प्रोसेसर किंवा अगदी खालच्या थरातला ड्रायव्हर यांच्यावर जातो.

यंत्राने लिहिलेल्या नोंदी

विंडोज व्हिस्टापासून प्रत्येक आवृत्तीत ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ आहे. स्टार्ट मेनूत ‘रिलायबिलिटी’ टाइप केले की तो उघडतो आणि कोणत्या दिवशी काय कोसळले ते तारखेनुसार दाखवतो. इतके उपयोगी साधन इतक्या कमी लोकांना ठाऊक असावे ही खेदाची गोष्ट आहे. त्यात ‘लाइव्ह कर्नल इव्हेंट’च्या खाली १४१ किंवा ११७ हा आकडा दिसला तर ग्राफिक्स चिपने वेळेत उत्तर दिले नाही असा अर्थ होतो. अधिक तपशील ‘इव्हेंट व्ह्यूअर’च्या सिस्टिम विभागात मिळतो. तेथील ४१०१ ही नोंद सांगते की डिस्प्ले ड्रायव्हर थांबला होता आणि सावरला. १२९ आणि १५३ या नोंदी डिस्ककडून उत्तर आले नाही किंवा काम पुन्हा करावे लागले असे सांगतात, आणि ७ ही नोंद डिस्कवरील खराब भागाकडे बोट दाखवते. २००४ ही नोंद स्मृती अपुरी पडल्याची. ‘व्हिया लॉगर’ या नावाखाली येणाऱ्या १७, १८, १९ या नोंदी प्रत्यक्ष हार्डवेअरने कळवलेल्या चुका असतात. त्यांतली १८ ही न सावरता येणारी, तर १७ आणि १९ या सावरून घेतलेल्या.

सर्वाधिक गैरसमज ‘कर्नल-पॉवर ४१’ या नोंदीबद्दल आहे. नावात ‘पॉवर’ पाहून अनेक जण लगेच चार्जर किंवा बॅटरी बदलायला निघतात. ही नोंद फक्त एवढेच सांगते की मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झाले नव्हते. बटण दाबून बंद केले तरी ती उमटतेच. तिच्या आधीच्या दोन-तीन मिनिटांत दुसरे काय नोंदले गेले आहे ते पाहायचे असते. तेथे काहीच नसेल तर तीही माहितीच आहे: यंत्र इतक्या झटक्यात थांबले की लिहायलाही फुरसत मिळाली नाही. असा कोरा पुरावा हार्डवेअरकडे झुकतो.

निळा पडदा आलाच तर त्यावरचा संकेत टिपून ठेवावा. ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ ग्राफिक्सकडे, ‘मेमरी मॅनेजमेंट’ बहुधा रॅमकडे आणि ‘व्हिया अनकरेक्टेबल एरर’ हार्डवेअरकडे नेतो. ‘डीपीसी वॉचडॉग व्हायोलेशन’मागे अनेकदा एखादा ड्रायव्हर किंवा एसएसडी असते.

उष्णता: खरी किती, मानलेली किती

लॅपटॉप थिजला की पहिला आरोप उष्णतेवर होतो. तो बहुतेक वेळा अर्धाच खरा असतो. आजचे प्रोसेसर स्वतःचे तापमान सतत मोजतात आणि मर्यादा गाठली की वेग उतरवतात. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरांची ही मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे, एएमडीच्या अनेक रायझन प्रोसेसरांची ९५. म्हणजे उष्णतेमुळे आधी गेम संथ होतो, आणि तापमान मर्यादेपलीकडेही चढत राहिले तर यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडते. आवाज घरघरत ठेवून तासभर थिजून राहणे हे उष्णतेचे नेहमीचे लक्षण नाही. तेव्हा तापमान ९० दिसले म्हणून कारण सापडले असे मानणाऱ्याने तपास मध्येच सोडलेला असतो.

उष्णतेमुळे थिजल्यासारखे दिसणारा एक प्रकार मात्र आहे. मर्यादा ओलांडताच प्रोसेसरला ‘प्रॉकहॉट’ नावाचा इशारा मिळतो आणि त्याचा वेग काही गिगाहर्ट्‌झवरून कित्येकदा ४०० ते ८०० मेगाहर्ट्‌झपर्यंत कोसळतो. पाच-दहा सेकंद गेम जवळजवळ थांबतो, चिप निवते, वेग परत येतो आणि थोड्या वेळाने तेच चक्र पुन्हा फिरते. हा इशारा प्रोसेसरबाहेरूनही येऊ शकतो. मदरबोर्डवर वीज नियंत्रित करणारे भाग तापले किंवा चार्जरची ओळख पटली नाही तरी प्रोसेसरला थांबवले जाते. त्यामुळे तापमान फक्त ६० अंश आणि वेग मात्र ४०० मेगाहर्ट्‌झ असे विचित्र दृश्य दिसते. एचडब्ल्यूइन्फो हे साधन तापमान, वेग आणि वेग उतरवण्याचे कारण तिन्ही एकाच वेळी नोंदवते. नोंद फाइलमध्ये साठवत गेम खेळावा आणि थिजल्यानंतर शेवटच्या ओळी पाहाव्यात.

पंखा खोलीतल्या हवेनेच चिप थंड करतो, त्यामुळे खोलीचे तापमान थेट हिशेबात येते. जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत एखादी चिप ८५ अंशांवर स्थिर राहत असेल तर ती हवेपेक्षा ६० अंशांनी वर आहे. तोच गेम, तोच पंखा आणि खोली ४० अंशांची असेल तर चिप १०० अंशांची मर्यादा गाठते. नागपूर, चंद्रपूर, अकोला येथे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात तेव्हा हिवाळ्यात निर्दोष चालणारा लॅपटॉप दुपारी अडखळू लागणे स्वाभाविक आहे. तेथे ड्रायव्हरचा दोष शोधण्याआधी तोच गेम पहाटे किंवा एसीच्या खोलीत चालवून पाहणे हा सर्वांत स्वस्त प्रयोग ठरतो.

उपाय साधे आहेत. गादीवर किंवा मांडीवरच्या उशीवर ठेवलेल्या लॅपटॉपची खालची जाळी झाकली जाते, म्हणून तो टेबलावर, मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलून ठेवावा. पंख्याच्या आतल्या बाजूला, तांब्याच्या पात्यांच्या तोंडाशी, धुळीचा नमद्यासारखा थर बसतो. तो बाहेरून फुंकून निघत नाही, झाकण उघडून काढावा लागतो आणि हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी लागतात. चिपवरची पेस्ट तापण्या-निवण्याच्या चक्रांत कडेला सरकते आणि सुकते. दोन-तीन वर्षांच्या वापरानंतर ती बदलल्याने तापमानात ठळक फरक पडू शकतो. आता त्याऐवजी तापल्यावर मऊ होणारी पातळ पट्टीही वापरतात आणि ती अधिक काळ टिकते. पॉवरच्या सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल पातळी ९९ टक्के केली की बहुतेक यंत्रांत टर्बो बंद होतो. थोडा वेग जातो, पण तापमान झपाट्याने उतरते. गेमला सेकंदाला ६० चित्रांचा लगाम लावणे हाही तितकाच सरळ मार्ग आहे.

प्रोसेसरला मिळणारे व्होल्टेज कमी करण्याचा उपायही लोकप्रिय आहे. डिसेंबर २०१९ मध्ये ‘प्लंडरव्होल्ट’ ही सुरक्षेतील त्रुटी जाहीर झाल्यानंतर अनेक लॅपटॉपांवर इंटेलच्या प्रोसेसरांसाठी ही सोय बंद करण्यात आली. जेथे ती उरली आहे तेथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: प्रमाणाबाहेर कमी केलेले व्होल्टेज हेच अधूनमधून थिजण्याचे कारण बनते. असे काही बदल केलेले असतील तर तपासाची सुरुवात ते मूळ स्थितीत आणण्यापासून करावी.

वीज

गेमिंग लॅपटॉपचा चार्जर १८०, २३० किंवा ३३० वॅटचा असतो तो उगाच नव्हे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप एकत्र पूर्ण जोरात चालल्या की तेवढी वीज खरोखर लागते. हरवलेल्या चार्जरच्या जागी कमी वॅटचा चार्जर लावला तर लॅपटॉप चालतो, चार्जही होतो, पण गेममध्ये वेग कोसळतो. काही कंपन्यांचे लॅपटॉप चार्जरच्या मधल्या बारीक पिनेवरून त्याची ओळख पटवतात. ती पिन वाकली किंवा नकली चार्जरमध्ये तो भाग नसला तर लॅपटॉप स्वतःला मंद करून घेतो. यूएसबी-सी जोडणीवर २०२१ पर्यंत १०० वॅट हीच कमाल मर्यादा होती, पुढे ती २४० वॅटपर्यंत नेण्यात आली. तरी प्रत्यक्षात बाजारातले बहुतेक यूएसबी-सी चार्जर ६५ ते १०० वॅटचे असतात आणि मोठ्या गेमला ते पुरत नाहीत.

काही लॅपटॉप चार्जर लावलेला असतानाही क्षणिक जादा गरज बॅटरीतून भागवतात. बॅटरी थकली असेल तर अशा क्षणी व्होल्टेज खचते आणि यंत्र बंद पडते किंवा अडकते. विंडोजचा ‘पॉवरसीएफजी’चा बॅटरी अहवाल मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी दाखवतो. बॅटरी फुगलेली असेल, म्हणजे टचपॅड वर उचलला गेला किंवा तळ टेबलावर डुलू लागला, तर गेम सोडून त्याच दिवशी लॅपटॉप वापरणे थांबवावे, कारण तो आगीचा धोका आहे.

भारनियमन किंवा डळमळीत वीज असलेल्या भागात आणखी एक खूण शोधावी. वीज जाताच लॅपटॉप बॅटरीवर येतो आणि ग्राफिक्स चिपची विजेची मर्यादा एकदम खाली येते. खेळणाऱ्याला फक्त झटका जाणवतो. थिजण्याची वेळ आणि घरातला पंखा मंदावण्याची वेळ जुळत असेल तर दोष लॅपटॉपच्या बाहेर आहे.

रॅम आणि ग्राफिक्सची स्मृती

रॅमचे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत: ती अपुरी आहे की सदोष आहे. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर नवा गेम, ब्राउझर आणि बोलण्याचे ॲप एकत्र चालू असतील तर विंडोज न मावणारा भाग डिस्कवर लिहिते आणि परत आणताना गेम अडखळतो. काही सल्लागार ही डिस्कवरची ‘पेज फाइल’ बंद करायला सांगतात. हा सल्ला घातक आहे. विंडोज प्रोग्रामना जेवढी स्मृती कबूल करू शकते तिची मर्यादा रॅम आणि पेज फाइल यांच्या बेरजेइतकी असते. फाइल बंद केली की मर्यादा घटते आणि आधी नुसता अडखळणारा गेम आता कोसळतो.

सदोष रॅमचा स्वभाव लहरी असतो. खराब पेशी वापरात येईपर्यंत सगळे सुरळीत चालते, आणि गेम भरपूर रॅम भरत असल्याने तोच ती प्रथम उघडी पाडतो. विंडोजमधली मेमरी डायग्नोस्टिक तपासणी वरवरची आहे. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून सुरू करून रात्रभर चालू ठेवणे अधिक खात्रीचे. त्यात एकही चूक दिसली तरी रॅम नापास समजावी, ‘एखादी चूक चालते’ असे काही नसते. नंतर बसवलेली दुसऱ्या कंपनीची पट्टी काढून, मग एकेक पट्टी आलटून पालटून लावून दोषी शोधता येते. पट्टी काढून तिचे सोनेरी टोक पुसून पुन्हा घट्ट बसवल्यानेही काही वेळा काम होते. कोकण आणि गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत जोडणीवर थर चढण्याची शक्यता जास्त असल्याने तेथे हे आधी करून पाहावे.

अनेक लॅपटॉपांत ग्राफिक्स चिपची स्वतःची स्मृती ४ किंवा ६ जीबीच असते आणि गेमच्या पृष्ठचित्रांना (टेक्श्चर) ती अपुरी पडली की जादा भाग मुख्य रॅममध्ये ठेवून तेथून ओढावा लागतो. ही वाट कितीतरी पटींनी मंद आहे. नजर झर्रकन वळवली की धक्का, दार उघडले की धक्का, अशी त्याची खूण. सेटिंगमध्ये फक्त पृष्ठचित्रांची पातळी एक पायरी उतरवली की हा त्रास बहुधा नाहीसा होतो, बाकी काही बदलावे लागत नाही.

पहिल्यांदाच होणारी अडखळ

काही धक्के कोणत्याही बिघाडामुळे येत नाहीत. गेममधला प्रकाश, धूर, पाणी रंगवणारे छोटे प्रोग्राम म्हणजे शेडर. प्रत्येक ग्राफिक्स चिपसाठी त्यांचे भाषांतर त्या त्या यंत्रावर करावे लागते. २०१५ मध्ये आलेल्या डायरेक्टएक्स १२ आणि २०१६ मधल्या व्हल्कनने हे काम कधी करायचे त्याची बरीचशी जबाबदारी गेम बनवणाऱ्यांवर टाकली. ज्यांनी ते आधीच करून ठेवले नाही त्यांच्या गेममध्ये पहिला स्फोट किंवा पहिला जादूचा मारा होताच चित्र अडखळते. तीच गोष्ट दुसऱ्यांदा घडते तेव्हा अडखळत नाही, हीच ओळखीची खूण. ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला की साठवलेली भाषांतरे बाद होतात आणि धक्के काही काळ परत येतात. त्यामुळे ‘नवा ड्रायव्हर टाकल्यावर गेम बिघडला’ असा समज होतो. २०२२ मध्ये आलेल्या व्हॉल्वच्या स्टीम डेकचे हार्डवेअर सगळीकडे जवळपास एकच असल्याने त्यावर तयार शेडर उतरवून घेता येतात. लॅपटॉपांच्या असंख्य प्रकारांत ती सोय तितकी सोपी नाही. गेम सुरू होताना शेडर तयार करण्याचा टप्पा दाखवत असेल तर तो मध्येच सोडू नये आणि डिस्कवर शेडरच्या साठ्याला पुरेशी जागा ठेवावी, एवढेच खेळणाऱ्याच्या हातात असते.

ग्राफिक्स ड्रायव्हर आणि दोन सेकंदांची मुदत

विंडोज व्हिस्टापासून ग्राफिक्स चिपला एक मुदत घालून दिलेली आहे. दिलेले काम २ सेकंदांत पुरे झाले नाही किंवा थांबवता आले नाही, तर विंडोज ती अडकली असे धरून ड्रायव्हर नव्याने सुरू करते. पडदा काळा होऊन परत येणे ते हेच, आणि ४१०१ ही नोंद याचीच. पुष्कळ ठिकाणी रजिस्ट्रीत ही मुदत ८ किंवा १० सेकंद करण्याचा सल्ला मिळतो. लांबलचक गणिती कामे करणाऱ्यांना त्याचा उपयोग आहे. गेममध्ये मात्र चिप दोन सेकंद गप्प राहिली म्हणजे १२० चित्रे गेली, मुदत वाढवून दोष बरा होत नाही, थिजण्याचा काळ तेवढा लांबतो.

खरे कारण ड्रायव्हर, गेम किंवा स्वतः चिप यांपैकी एकात असते आणि त्यांना वेगळे करण्याचा क्रम ठरलेला आहे. एकाच गेममध्ये घडत असेल तर आधी गेमच्या फाइली तपासाव्यात. सर्व गेममध्ये घडत असेल तर डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर या साधनाने जुना ड्रायव्हर पूर्ण काढून लॅपटॉप कंपनीच्या पानावरचा ड्रायव्हर टाकावा, आणि नवीनतम ड्रायव्हर आल्यापासूनच त्रास सुरू झाला असेल तर मागची आवृत्ती. एनव्हिडियाने २०१० मध्ये आणलेल्या ऑप्टिमस रचनेत मोठी चिप चित्र तयार करते आणि ते प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्समार्फत पडद्यावर जाते. म्हणून छोट्या ग्राफिक्सचा ड्रायव्हरही तितकाच महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच अद्ययावत करायचा राहून जातो. मोठी चिप पडद्याला थेट जोडणारा स्विच असलेल्या लॅपटॉपवर तो फिरवून पाहिले की दोघांपैकी कोण दोषी हे कळते. पॉवरच्या सेटिंगमधली पीसीआय एक्सप्रेसची वीजबचत बंद करणे हाही बिनखर्चाचा प्रयोग आहे.

एवढे करूनही १४१ ची नोंद येतच राहिली तर आफ्टरबर्नरमध्ये ग्राफिक्स चिपचा वेग १०० ते २०० मेगाहर्ट्‌झने कमी करून खेळावे. थिजणे थांबले तर चिप आपल्या ठरलेल्या वेगाला पुरी पडत नाही, असा तर्क पक्का होतो.

कधी दोष खेळणाऱ्याच्या यंत्रात नसतोच. ऑक्टोबर २०२४ मध्ये विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती आल्यावर ‘असॅसिन्स क्रीड व्हालहाला’, ‘स्टार वॉर्स आउटलॉज’ यांसारखे युबिसॉफ्टचे काही गेम सुरू होताना किंवा चालू असताना थिजू लागले. मायक्रोसॉफ्टने ते गेम असलेल्या संगणकांना ही आवृत्ती देणे काही काळ थांबवले. अशा वेळी घरी केलेला कोणताही खटाटोप वाया जातो. थिजणे सुरू झाल्याची तारीख आणि विंडोज अपडेटच्या इतिहासातली तारीख ताडून पाहायला मात्र दोन मिनिटेही लागत नाहीत.

फर्मवेअर

फर्मवेअरमधले दोष सर्वांत फसवे, कारण ते विंडोज नव्याने टाकल्यानेही जात नाहीत. मार्च २०२२ मध्ये एएमडीने मान्य केले की काही रायझन संगणकांत सुरक्षेसाठीचे एफटीपीएम अधूनमधून मदरबोर्डवरच्या मंद स्मृतीशी व्यवहार करते आणि तेवढा वेळ सगळी यंत्रणा अडखळते. दुरुस्ती बायोसच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या फर्मवेअरच्या, नव्या आवृत्तीतूनच आली. २०२५ मध्ये आसुसच्या काही गेमिंग लॅपटॉपांत फर्मवेअरमधला एक तुकडा ठरावीक अंतराने प्रोसेसरला अडवून ठेवतो आणि त्यामुळे आवाज तडतडतो, चित्र अडखळते, हे एका सविस्तर तांत्रिक तपासातून पुढे आले आणि कंपनीने दुरुस्तीचे काम हाती घेतले. ठरावीक अंतराने येणारी अडखळ आणि तडतडणारा आवाज अशी जोडी दिसली की लेटन्सीमॉन हे मोफत साधन चालवावे. कोणता ड्रायव्हर प्रोसेसरला जास्त वेळ अडवतो हे ते नावानिशी सांगते. बरेचदा गुन्हेगार वाय-फायचा ड्रायव्हर निघतो.

बायोस अद्ययावत करताना चार्जर लावलेला आणि बॅटरी पुरेशी भरलेली हवी. मध्येच वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले प्रोसेसर अस्थिर होत असल्याचे प्रकरण २०२४ मध्ये गाजले आणि मायक्रोकोडच्या नव्या आवृत्त्या काढाव्या लागल्या. ते डेस्कटॉप प्रोसेसरांचे होते. लॅपटॉपमधल्या प्रोसेसरांना तो दोष लागू नाही असे इंटेलने सांगितले आहे, त्यामुळे लॅपटॉपच्या तपासात त्या बातम्यांवरून निष्कर्ष काढू नयेत.

डिस्क आणि इतर प्रोग्राम

जुन्या लॅपटॉपात गेम फिरत्या हार्ड डिस्कवर असेल तर नवीन प्रदेशात शिरताना थबकणे अटळ आहे. एसएसडी बसवणे हाच त्यावरचा उपाय. एसएसडीवरही ती जवळजवळ भरली की किंवा तापली की वेग घसरतो, म्हणून काही जागा मोकळी ठेवावी. दहा-वीस सेकंद सगळे थांबून आपोआप सावरणे आणि सोबत १२९ ची नोंद असेल तर डिस्कवर संशय पक्का. क्रिस्टलडिस्कइन्फोने तिची प्रकृती पाहावी आणि दुरुस्तीच्या आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढावी. वर उल्लेख केलेल्या २४एच२ आवृत्तीतच वेस्टर्न डिजिटलच्या काही एसएसडींवर निळे पडदे येऊ लागले होते आणि ते एसएसडीच्या नव्या फर्मवेअरने थांबले.

पार्श्वभूमीतले प्रोग्राम यादीत शेवटी येतात, कारण त्यांनी यंत्र पूर्ण थिजणे विरळा, पण अडखळण्यात त्यांचा वाटा असतो. दोन अँटिव्हायरस एकत्र असणे, पडद्यावर आकडे दाखवणारी दोन-तीन साधने एकमेकांवर चढलेली असणे, खेळताना क्लाउडवर फाइली जाणे ही नेहमीची उदाहरणे. विंडोज ११ मधली ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही सुरक्षेची सोय गेमसाठी बंद करता येते आणि खेळून झाल्यावर परत चालू करावी, असे मायक्रोसॉफ्टनेच २०२२ मध्ये म्हटले आहे. मात्र तिच्यामुळे वेग थोडा कमी होतो, यंत्र थिजण्याशी तिचा सहसा संबंध नसतो. आणखी एक बारीकशी बाब: विंडोज ८ पासून असलेल्या फास्ट स्टार्टअपमुळे ‘शट डाउन’ केल्यावर विंडोजचा गाभा पूर्णपणे नव्याने सुरू होत नाही. ‘रीस्टार्ट’ने तो होतो. प्रत्येक बदलानंतर रीस्टार्टच करावा.

उपाय लागू पडला हे कसे ठरवावे

अधूनमधून येणाऱ्या दोषाची खरी अडचण येथे आहे. लॅपटॉप सरासरी पाच तासांतून एकदा यदृच्छया थिजत असेल, तर काहीही न बदलताही तो सलग पाच तास न थिजण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते. म्हणजे निरुपयोगी उपायही तीनांतून एकदा गुणकारी भासतो. गुणकारी म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कितीतरी उपायांची ख्याती अशीच बनलेली आहे. सरासरीच्या तिप्पट, म्हणजे पंधरा तास निर्वेध गेले तर ही शक्यता ५ टक्क्यांवर येते आणि मगच दोष गेला असे म्हणता येते. म्हणून एका वेळी एकच बदल करावा, त्याची तारीख लिहून ठेवावी आणि त्याला पुरेसा वेळ द्यावा. वाट पाहण्याचा काळ कमी करायचा तर फरमार्क किंवा ओसीसीटीने ग्राफिक्स चिपवर, प्राइम९५ ने प्रोसेसरवर सलग ताण देता येतो. पण या चाचण्यांत टिकलेले यंत्र गेममध्ये थिजूही शकते, कारण गेममध्ये ताण एकसारखा नसून सारखा चढत-उतरत असतो आणि काही दोष त्या चढ-उतारातच प्रकटतात.

चिपच सदोष असेल तेव्हा

लॅपटॉपमधली ग्राफिक्स चिप मदरबोर्डवर असंख्य सूक्ष्म डाखांनी पक्की जोडलेली असते आणि तापण्या-निवण्याने ते डाख थकतात. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या काही चिपांच्या जोडणीत कमकुवत साहित्य वापरले गेल्याचे सांगून दुरुस्तीसाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. त्यानंतर काही लॅपटॉप कंपन्यांना वॉरंटी वाढवून द्यावी लागली. आजही जुन्या लॅपटॉपची चिप गरम हवा देऊन ‘बसवून’ देण्याचे काम दुरुस्तीच्या बाजारात होते. त्याने यंत्र काही आठवडे किंवा महिने चालते, पण तडा चिपच्या आत असेल तर तो पुन्हा उघडतो. त्यामुळे अशा कामाला मोठी रक्कम देणे परवडत नाही. चिपचा वेग कायमचा थोडा उतरवून वापरणे हा अधिक किफायतशीर मार्ग आहे.

वॉरंटी शिल्लक असेल तर झाकण उघडण्याआधी तिच्या अटी वाचाव्यात. सेवाकेंद्रात लॅपटॉप पोहोचतो तेव्हा तो बहुधा सुरळीत चालतो आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत येतो. म्हणून थिजल्याचे मोबाइलवरचे चित्रण, रिलायबिलिटी मॉनिटरच्या नोंदी, मेमटेस्टचा निकाल आणि केलेल्या बदलांची तारीखवार यादी सोबत द्यावी आणि कामाच्या पावतीवर ‘संथ चालतो’ असे न लिहिता नेमके लक्षण नोंदवून घ्यावे. वॉरंटीच्या काळात दोष वारंवार परत येऊनही दाद मिळत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते आणि त्या वेळी याच पावत्या व नोंदी पुरावा म्हणून जोडता येतात.